वेरूळचा नरसिंह आणि आपली कयाधू

माउली, नर्सीला नामदेवरायांच्या दर्शनाला जाता तेव्हा कयाधूच्या पाण्याला हात लागतोच. हिरण्यकशिपूची राणी, प्रल्हादाची आई, तिचेच हे नाव. ते मनात धरून एकदा वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात जा. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख तिथे आहे, म्हणजे काळ आठव्या शतकाचा. घृष्णेश्वराला आलेले पुष्कळ जण कैलास पाहून माघारी फिरतात. पायऱ्यांचा कंटाळा करू नका, वरच्या मजल्यावर नरसिंह-हिरण्यकशिपूचे युद्ध कोरले आहे.

कीर्तनातून मनात ठसलेले चित्र म्हणजे मांडीवर आडवा दैत्य आणि फाडलेले पोट. इथे तसे काही नाही. दोघेही उभे आहेत. दैत्याजवळ ढाल-तलवार आहे, पण देवाचा हात त्याच्यावर पडला आहे. तोडीस तोड मल्लांची पकड बसावी तसे हे दोघे. रक्त कुठे नाही. कारागिराने असुराला खुजा वा ओंगळ केला नाही, आणि तेच मला बरोबर वाटते. जय-विजयाची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला हा शत्रू म्हणजे वैकुंठाचाच द्वारपाल.

एक गोष्ट मात्र खटकली. त्या दगडात मला ना प्रल्हाद सापडला ना कयाधू. ग्रीकांच्या पर्गामन इथल्या वेदीवर, आता ती बर्लिनला आहे, देव आणि दैत्यांचे असेच युद्ध आहे. देवी अथेना एका तरुण दैत्याला केसांनी धरून ओढते, आणि त्याची आई, धरणीमाता, जमिनीतून अर्धी वर येऊन आकांत करते. त्या शिल्पकाराने शत्रूच्या आईलाही जागा दिली. आपल्या कथेतली आई तर भक्ताची. नारदांच्या आश्रमात ती राहिली म्हणून पोटातल्या प्रल्हादाला भागवतधर्म ऐकायला मिळाला. खांब फुटला त्या एका संध्याकाळी तिचा मुलगा वाचला आणि तिचे कुंकू पुसले गेले.

शिल्पाचे मी समजू शकतो. तिसरी आकृती आली असती तर त्या दोघांची पकड सैल झाली असती. दोन-दोन तास उभे राहून बोलणाऱ्या आपल्या कीर्तनकारांना ही सबब नाही. प्रल्हादचरित्र लावाल तेव्हा, निदान नर्सीच्या काठावर तरी, त्या माउलीला दोन वाक्ये द्या.