कांद्याच्या हंगामातला वाळा

एप्रिल-मे महिन्यांत नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात अत्तर लावायचं म्हणजे थेट कांद्याशी गाठ. शेतात कापून टाकलेली पात, चाळीत भरला जाणारा उन्हाळ कांदा, उमराण्याच्या बाजाराकडे निघालेले ट्रॅक्टर. कसमादे पट्ट्यातल्या हवेलाच त्या दिवसांत गंधकाचा तिखट वास असतो. त्यावर कुणी ऊद किंवा केवडा चोपडला, की दोन्ही वास एकमेकांच्या उरावर बसतात. वाळा मात्र त्या धुळीशी जमवून घेतो.

वाळ्याला खस म्हटलं की अनेकांना हिरवं, गोडमिट्ट सरबत आठवतं. ती आठवण आधी पुसून टाकावी. खऱ्या वाळ्यात गोडवा जवळजवळ नाहीच. बुधल्याची काडी मनगटाला टेकवली की पहिल्यांदा येतो तो ओल्या मातीचा वास, किंचित कडवट, माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीसारखा. इथे घाई करून नाक मुरडणारे पुष्कळ. थोडं थांबलं, की माती मागे सरते आणि हिरवट, लिंबाच्या सालीकडे झुकणारी एक कड वर येते. मग उरतं ते कोरडं लाकूड, त्यात धुराची पुसट रेघ.

गंमत अशी, की यात लाकूड नाहीच. वाळा हे गवत, आणि वास त्याच्या मुळांत. कनौजला ही मुळं तांब्याच्या डेगेत घालून पाण्यावर बराच वेळ ऊर्ध्वपातित करतात. तांब्यामुळे तेलाला हिरवट झाक येते. हे तेल फार सावकाश उडतं. स्प्रेमधलं अल्कोहोल वास झटकन हवेत उधळतं, तेलाचं अत्तर अंगालगतच राहतं. म्हणून सकाळी लावलेला वाळा दुपारी मनगट नाकाशी नेल्यावर भेटतो, पण शेजारच्या खुर्चीपर्यंत जेमतेम पोचतो. हा दोष मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पॅरिसच्या एर्मेसनं 2006 साली ‘तेर द’एर्मेस’ बाजारात आणलं. जाँ-क्लोद एलेना यांनी त्यात संत्र्याच्या आणि मिरीच्या जोडीला वाळा घेतला. सुगंध देखणा आहे, पण इस्त्रीच्या शर्टाचा. चाळीत कांदा भरताना घामानं भिजलेल्या सदऱ्यावर साधं कनौजी अत्तरच शोभतं. मात्र नाव खसचं आणि आत नुसतं रसायन, असा मालही खूप विकला जातो. त्याची खूण सोपी: तो पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकच वाक्य बोलतो.

लावताना मनगटं एकमेकांवर घासू नयेत, आणि थेंब एकच पुरे. लग्नाला जाताना मात्र वाळ्याची बाटली घरीच ठेवावी. मांडवात दारावरच हातावर हिन्याचं अत्तर फासतात, त्यापुढे वाळ्याचं काही चालत नाही.