‘अ‍ॅफ्लुअंट’ आणि ‘श्रीमंत’

इंग्रजीतील ‘अ‍ॅफ्लुअंट’ ह्या विशेषणास मराठीत ‘श्रीमंत’ हा प्रतिशब्द योजिल्यास अर्थहानी होते. ‘कडे वाहणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. मुख्य नदीस मिळणाऱ्या उपनदीसही इंग्रजीत हेच नाव आहे. तथापि व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरविणे धोक्याचे. तो प्रयोगावरूनच पाहिला पाहिजे.

‘रिच’ ह्या विशेषणाआधी तुच्छतादर्शक ‘फिल्दी’ सहज येते. ‘अ‍ॅफ्लुअंट’आधी ते येत नाही. हा शब्द विशेषेकरून समाज, वस्ती, वर्ग यांना लागतो, आणि त्यात ना हेवा, ना आदर. उलट ‘श्रीमंत’ हे पेशव्यांच्या व संस्थानिकांच्या नावांआधी लागणारे उपपद. मान आणि तोरा ही दोन्ही त्यास चिकटलेली आहेत.

ह्या भेदाची खरी कसोटी ‘द अ‍ॅफ्लुअंट वर्कर’ ह्या त्रिखंडात्मक अभ्यासाच्या (१९६८-६९) नावात लागते. गोल्डथॉर्प, लॉकवुड व त्यांचे सहकारी यांनी ल्यूटन येथील चांगले वेतन मिळविणाऱ्या कामगारांचा हा अभ्यास केला. चांगल्या वेतनाने कामगार मध्यमवर्गीय होतो काय, हा त्यांचा प्रश्न. आणि तसे घडत नाही, हा निष्कर्ष. अशा कामगारास ‘श्रीमंत’ म्हटले की प्रश्नच हास्यास्पद ठरतो. येथे ‘सुखवस्तू कामगार’ हाच प्रयोग योग्य होय.

मग भाषांतरकार चुकतो का? ‘अ‍ॅफ्लुअन्स’ ह्या नामास मराठीत ‘सुबत्ता’ हा नेमका शब्द आहे. परंतु त्यापासून रूढ विशेषण बनलेले नाही. ही रिकामी जागा भरण्यास ‘श्रीमंत’ धावून येतो. वस्तुतः षष्ठीने काम भागते. गॅलब्रेथ यांच्या ‘द अ‍ॅफ्लुअंट सोसायटी’ (१९५८) ह्या ग्रंथात खाजगी भरभराटीशेजारी सार्वजनिक सोयींची दैना दाखविली आहे. ‘सुबत्तेचा समाज’ म्हटल्यास त्या नावातील उपरोध टिकतो, ‘श्रीमंत समाज’ म्हटल्यास बुजतो.

अर्थात ‘सुखवस्तू’ही सर्वत्र चालणार नाही. मार्शल सालिन्स यांनी १९६६ साली शिकारी-संग्राहक समाजांस ‘मूळचा अ‍ॅफ्लुअंट समाज’ म्हटले: गरजाच मोजक्या, म्हणून त्या सहज भागतात. ज्यांच्यापाशी चीजवस्तूच जेमतेम, त्यांना सुखवस्तू कसे म्हणावे? सुबत्ता मात्र त्यांचीही म्हणता येते.