बेणारेचे चौदावे वर्ष
तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची चर्चा बहुधा समाजाच्या दांभिकतेपाशीच थांबते. खट्याळ, बोलघेवड्या शिक्षिकेच्या आड दडलेली चौदा वर्षांची मुलगी तीत हरवते. सख्ख्या मामावर तिचा जीव जडला, आईही विरोधात गेली, मामा पळाला, तिने मरू पाहिले. (या प्रकरणाला प्रेम म्हणणे मला तरी जड जाते, तो घातच होय.) हे गुपित साक्षीदार फोडतो, तेव्हा त्याचा पुरावा होतो, ती स्वतः उच्चारते, तेव्हा मंचावरील सारी माणसे निश्चल असतात. ऐकतो तो केवळ प्रेक्षक. अनुवादकाला तर ‘मामा’ हा शब्दच अडवतो. इंग्रजीतल्या ‘अंकल’मध्ये आजोळचा तो निःशंक विश्वास कोठून आणावा?