चरित्र आहे, रेणू कोठे?

शास्त्रज्ञांची चरित्रे मराठीत पूर्वीपेक्षा आता अधिक लिहिली जातात, ही संतोषाची गोष्ट होय. तथापि या वाङ्मयातील एक उणीव आम्हांस सतत जाणवते, आणि डॉ. कमलाबाई सोहोनी यांच्याविषयी जे लेख वेळोवेळी आमच्या वाचनात येतात त्यांत ती विशेषच उघडी पडते. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या आणि अखेर अटींवर का होईना प्रवेश मिळविला, हा प्रसंग बहुतेक लेखक रंगवून सांगतात. प्रसंग खरा आहे, बोधप्रदही आहे. परंतु दार उघडून आत गेल्यावर बाईंनी केले काय, असे वाचकाने विचारल्यास ‘मोठे संशोधन केले’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

वास्तविक उत्तर मोठे सुरस आहे. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांस मिळाली, ती वनस्पतींच्या श्वसनातील ‘सायटोक्रोम-सी’ या प्रथिनावरील कामाबद्दल. सुमारे शंभर अमिनो आम्लांची एक घडी घातलेली साखळी, आणि तिच्या कुशीत लोहाचा एकच अणू, अशी या रेणूची घडण. लोहाने एक इलेक्ट्रॉन घ्यावा आणि पुढच्यास द्यावा, हे त्याचे काम. बटाट्याच्या पेशीत चालणारी ही देवघेव आपल्याही पेशीत त्याच जातीच्या रेणूकडून चालते. सृष्टीच्या ऐक्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आमच्या ललितलेखकांनी हा पुरावा हातचा का सोडावा, हे कळत नाही.

असा विषय घरगुती वाचकास रूक्ष वाटेल, असा आक्षेप कोणी घेतील. तो आम्हांस मान्य नाही. मुंबईस आल्यावर कमलाबाईंनी कडधान्यांतील प्रथिने अभ्यासास घेतली. वाल व डबल बी यांतून ट्रिप्सिनला अडविणारी प्रथिने त्यांनी व आंबे यांनी स्फटिकरूपात वेगळी काढली. ते काम १९५५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रिप्सिन हे आतड्यात अन्नातील प्रथिने तोडणारे विकर. रोधक प्रथिन त्याच्या खाचेत नेमके बसते. मग खाच मोकळी राहत नाही आणि तोडण्याचे काम थांबते. आकार जुळतो म्हणूनच काम अडते. अशा रोधकांचा जोर शिजविण्याने पुष्कळ अंशी मोडतो. कच्चे कडधान्य पचनास जड का, याचे एक कारण येथे सापडते. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या घरी डाळिंब्यांची उसळ होते, त्या घरास हे रूक्ष वाटेल काय? गोरेगावच्या आरे दूधयोजनेसही बाईंचा सल्ला लाभला होता. तोही लेखांत एका ओळीत आटोपतो.

शब्दांची सबबही चालणार नाही. प्रथिन, विकर, जीवनसत्त्व, संप्रेरक हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत.

आमची तक्रार केवळ माहितीच्या उणिवेची नाही. असे चरित्र वाचणाऱ्या मुलीस विद्येच्या दारी भांडावे लागते, एवढे कळते. पण ज्यासाठी भांडावे असे आत काय आहे, ते मात्र कळत नाही. कमलाबाई दारासाठी भांडल्या नव्हत्या. त्यांस रेणू पाहावयाचा होता, आणि तो वाचकास दाखविणे हे चरित्रकाराचे पहिले कर्तव्य आहे.