कौटुंबिक छायाचित्रे आणि वंशशोध : महाडच्या खाडीपट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

घरातील जुनी छायाचित्रे समोर ठेवून पूर्वजांचा शोध घेण्याची प्रवृत्ती महाराष्ट्रात अलीकडे वाढीस लागली आहे. तिची कारणे केवळ भावनिक नाहीत. जातपडताळणीसाठी वंशावळ सादर करणे अनेक कुटुंबांना अपरिहार्य झाले आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाला आरंभ झाल्यानंतर तर कुणबी नोंदींच्या निमित्ताने खेडोपाडी जुने दप्तर उघडले गेले. त्याच सुमारास परदेशी स्थायिक झालेल्यांची नातवंडे आपल्या मूळ गावाची विचारणा करू लागली आहेत. अशा वेळी ट्रंकेच्या तळाशी असलेले छायाचित्र बाहेर निघते, ते घरातील वृद्ध व्यक्तीच्या हाती दिले जाते आणि ‘हे कोण?’ असा प्रश्न विचारला जातो. ‘आजोबांचे कोणीतरी’ हे त्याचे नेहमीचे उत्तर होय.

या उत्तराकडे स्मरणशक्तीची उणीव म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो पुराव्याचा प्रश्न आहे. छायाचित्र चेहरा देते, नाव देत नाही. वंशावळ नाव देते, चेहरा देत नाही. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अथवा दक्षिण महाराष्ट्रात घरोघर फिरणाऱ्या हेळव्यांच्या नोंदींत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, परंतु त्यांतील एकाही व्यक्तीचे रूप आपणास कळत नाही. या दोन साधनांची सांगड कोणी व कशाच्या आधारे घालावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी महाड तालुक्यातील तुडील व त्याच्या आसपासचा सावित्रीकाठचा खाडीपट्टा हे क्षेत्र निवडले आहे. मराठा, कुणबी, बौद्ध व कोकणी मुसलमान अशी मिश्र वस्ती असलेल्या या भागातील माणूस दासगाव बंदरातून बाणकोटमार्गे मुंबईस आणि तेथून जगात कोठेही गेला. त्यामुळे येथील वंशशोध गावाच्या शिवेत संपत नाही.

कुलवृत्तांताची चौकट

मराठीतील वंशलेखनाचा छापील नमुना म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन घराण्यांनी, हे ग्रंथ मोठ्या परिश्रमाने सिद्ध केले. त्यांतील वंशवृक्षांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. मात्र त्यांतील छायाचित्रांचे कार्य वंश सिद्ध करण्याचे नसून प्रतिष्ठा दाखविण्याचे आहे. वकील, डॉक्टर, अधिकारी, देणगीदार यांच्या प्रतिमा स्वतंत्र पानांवर येतात. ज्याने शेती केली, जो मुंबईत गिरणीत खपला किंवा जो निपुत्रिक वारला, तो केवळ नावाने उरतो. स्त्रिया तर जुन्या कुलवृत्तांतांत दोन घरांच्या मध्ये कोठेतरी हरवतात. माहेरच्या वृक्षावर त्यांची फांदी पुढे वाढत नाही आणि सासरच्या वृक्षावर त्या पतीच्या नावाखालील एक ओळ होतात.

येथे छायाचित्र नावाच्या मागून येते. नाव आधीच सिद्ध असते. खाडीपट्ट्यातील बहुसंख्य कुटुंबांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्यांच्याजवळ छापील वंशवृक्ष नाही; दोन-चार पिवळट छायाचित्रे आहेत आणि त्यांवरून मागे जावयाचे आहे. कुलवृत्तांताची पद्धत जशीच्या तशी उचलून हे साधत नाही, कारण आरंभबिंदूच निराळा आहे.

या संदर्भात एका सुपरिचित छायाचित्राचा उल्लेख उद्बोधक ठरेल. फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईत राजगृह येथे घेतलेल्या छायाचित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांचे पुत्र यशवंत, पत्नी रमाबाई, वडीलबंधू आनंदराव यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव दिसतात. सोबत टॉबी हा कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. आंबेडकर घराण्याचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यात, म्हणजे तुडीलपासून फार दूर नाही. त्या काळात त्या परिसरातील किती कुटुंबांच्या छायाचित्रांत प्रत्येक व्यक्तीचे नाव, नाते आणि महिनासुद्धा टिकून राहिला असेल? येथे कुत्र्याचेही नाव टिकले, याचे कारण छायाचित्राच्या गुणात नाही. त्या चेहऱ्यांभोवती एक मोठा समाज उभा होता आणि त्याने ती नावे पुन्हा पुन्हा उच्चारली. नाव कागदावर नव्हे, उच्चारात जगते. ज्या घराभोवती असा समाज नव्हता तेथे दोन पिढ्यांत चेहरे अनामिक झाले.

वेशभूषेची साक्ष

अनामिक चेहऱ्याकडून काही काढून घ्यावयाचे झाल्यास प्रथम वेश व कागद यांच्याकडे वळावे लागते. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला पातळ, तपकिरी छटेचा ठसा बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा विसाव्याच्या आरंभीचा असतो. पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराच्या दुकानाचे नाव व पत्ता छापलेला असल्यास शहर निश्चित होते. गांधी टोपी दिसल्यास काळ १९२० च्या अलीकडे आणावा लागतो.

गणवेश याहून अधिक बोलका असतो. महाड-दापोली-मंडणगड पट्ट्यातील अनेक महार घराण्यांत लष्करी चाकरीची परंपरा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती विसर्जित झाली. त्यानंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. हा क्रम ध्यानात घेतला तर खाडीपट्ट्यातील एखाद्या बौद्ध कुटुंबाजवळ असलेल्या सैनिकाच्या छायाचित्राचा काळ बऱ्याच अंशी आटोक्यात येतो. ते १९१७ ते १९२१ या अल्प अवधीतील तरी असावे किंवा १९४१ नंतरचे. मधल्या वीस वर्षांत तो माणूस गणवेशात दिसणे दुर्मीळ. म्हणजे ‘पणजोबा’ म्हणून दाखविलेली व्यक्ती प्रत्यक्षात आजोबांचे बंधू असण्याची शक्यता केवळ या एका तपशिलावरून तपासता येते. भरती बंद असणे हा त्या समाजावरील अन्याय होता. वंशशोधकाच्या दृष्टीने तोच कालनिर्णयाचे साधन ठरावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

नागरी वेश मात्र फसवा असतो. छायाचित्रकाराच्या दुकानात कोट, टोपी, घड्याळ, छडी या वस्तू ग्राहकासाठी ठेवलेल्या असत. मागे रंगविलेला खांब व जिना असे. त्यावरून ‘आमचे पणजोबा मोठे सधन होते’ असा निष्कर्ष काढणाऱ्या कुटुंबकथा अनेक आहेत. त्या कोटाची मालकी दुकानदाराची होती, एवढेच बहुधा खरे.

मागची बाजू

छायाचित्राची पुढची बाजू सर्वजण पाहतात. वंशशोधात मागची बाजू अधिक मोलाची. परंतु तेथेही दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली लिपीची. खाडीपट्ट्यातील हिंदू घरांतील जुना मजकूर कित्येकदा मोडीत, तर मुसलमान घरांतील उर्दूत असतो. मोडी शाळांतून गेली ती गेलीच. परदेशी वाढलेल्या नातवास उर्दू बोललेली कळली तरी वाचता येईलच असे नाही. आजोबांनी स्वहस्ते लिहिलेले नाव नातवाच्या हातात असूनही त्याला ते अप्राप्य राहते.

दुसरी अडचण नात्याच्या शब्दांची आहे आणि ती अधिक सूक्ष्म आहे. मागे लिहिलेले असते ‘आक्का’, ‘भाऊ’, ‘मोठे अब्बा’. लिहिणाऱ्याला याहून अधिक लिहिण्याची गरज वाटलेली नसते. नात्याचा शब्द हा बोलणाऱ्यापासून मोजलेले अंतर होय. बोलणारा बदलला की अंतर बदलते. एका पिढीची ‘आक्का’ पुढच्या पिढीची आत्या आणि त्याच्या पुढच्या पिढीची कोणीच नाही. मराठीत आते, मामे, चुलत, मावस असा भेद करणारी समृद्ध नातेशब्दावली असताना छायाचित्रामागे मात्र नेमका सर्वांत जवळचा आणि म्हणूनच सर्वांत अल्पायुषी शब्द लिहिला जातो.

यात स्त्रियांची हानी सर्वाधिक झाली. पुरुषाचे शाळेचे, नोकरीचे, जमिनीचे नाव अन्यत्र कोठेतरी मिळते; ‘आक्का’चे पाळण्यातील नाव, लग्नात बदललेले नाव आणि माहेरचे आडनाव ही तिन्ही तिला ओळखणाऱ्या शेवटच्या व्यक्तीबरोबर जातात. भर म्हणून निसर्गाचीही अवकृपा आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळली आणि महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. जेथे माणसेच गेली तेथे कागदाचा शोक करणे अप्रस्तुत वाटेल. परंतु वाचलेल्यांपैकी कित्येकांजवळ गेलेल्यांचा चेहराही उरला नाही.

केपटाऊनचे दप्तर

घरातील प्रत नष्ट झाली असता दुसरी प्रत कोठे असू शकेल, हा प्रश्न खाडीपट्ट्याच्या बाबतीत अनपेक्षित ठिकाणी नेतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रत्नागिरी व तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला जात. तेथील १९०६ च्या स्थलांतर कायद्यानंतर गावी येऊन परत जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयास ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे. त्यावर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा असे. मुदत टळली की परतीचा हक्क गेला. परवान्याची कार्यालयीन नोंद सरकारी दप्तरात राहिली. ज्या राजवटीला ही माणसे नको होती तिनेच त्यांचे चेहरे जपून ठेवले. कित्येकांच्या घरी त्या काळातील दुसरे छायाचित्र नसेल.

या दप्तराचा अभ्यास इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केला आहे. केपटाऊनमधील भारतीय स्थलांतरित हे केवळ व्यापारी नसून त्यांत श्रमिकही होते, हे त्यांनी २००९ च्या लेखात दाखविले. ‘क्रोनोस’ या नियतकालिकातील २०१४ च्या लेखाचा विषय तर वंशशोधाच्या मर्मावरच बोट ठेवणारा आहे : खोटे पिता आणि खोटे पुत्र. १९१३ च्या कायद्याने अधिवासी भारतीयाच्या सोळा वर्षांखालील अपत्यास प्रवेशाची मुभा होती. त्यामुळे आणलेला मुलगा खरोखर त्याचाच आहे काय, हे ठरविणे हा अधिकाऱ्यांचा नित्याचा उद्योग झाला. कागद तपासले गेले, उलटतपासण्या झाल्या, संशय घेतले गेले.

धुपेलिया-मेस्त्री यांचा रोख कागदपत्रांच्या सत्तेवर आहे आणि तो योग्यच आहे. तथापि वंशशोधाच्या अंगाने त्यांच्या मांडणीपुढे आणखी एक प्रश्न उपस्थित करावासा वाटतो. ‘खोटा’ हा शब्द कोणाच्या दृष्टीने? कोकणातील एकत्र कुटुंबात मृत भावाचा मुलगा हा मुलगाच मानला जातो. त्याचे शिक्षण, लग्न, उपजीविका ही चुलत्याची जबाबदारी असते. अशा चुलत्याने त्यास पुत्र म्हणून नेले असेल तर गावाच्या दृष्टीने तो लबाड ठरतो काय? कायद्याने कुटुंबाची एक व्याख्या केली आणि माणूस दुसऱ्या व्याख्येत जगत होता. पैसे घेऊन परक्याचा मुलगा नेण्याचे प्रकार यापासून वेगळे काढले पाहिजेत. सरकारी शिक्क्याने मात्र ही दोन्ही एकाच सदरात टाकली.

ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. अशा ‘पुत्रा’चा पणतू आज केपटाऊनहून छायाचित्र घेऊन खाडीपट्ट्यात येतो, तेव्हा त्याच्या कागदावर बापाच्या जागी चुलत्याचे नाव असते. त्या नावाने त्याने गावात विचारणा केली तर त्याला घर सापडते, पण चुकीची फांदी सापडते. छायाचित्रातील मुलाचा चेहरा खरा असतो; त्याखालील नाते खोटे असते. चेहरेपट्टीच्या साम्यावर येथे भिस्त ठेवता येत नाही, कारण पुतण्याही चुलत्यासारखाच दिसतो. तत्कालीन अधिकाऱ्यांचा संशय जेथे अडखळला तेथेच आजच्या वंशशोधकाची श्रद्धाही अडखळते.

यावर उपाय गावच्या दप्तरात आहे. वारसनोंदीची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा-क, आणि फेरफार यांत चुलत्याच्या मृत्यूनंतर वारस म्हणून कोणाची नावे लागली हे पाहावे. केपटाऊनच्या कागदावरील ‘पुत्र’ तेथे नसेल आणि त्याच वयाचा मुलगा मृत भावाच्या वारसांत असेल, तर सत्य पुष्कळसे हाती लागते. कोतवाल बुकातील जन्मनोंदी व जमातीच्या निकाहनोंदी यांनी त्याला पुष्टी मिळते. या नोंदींत चेहरा नाही, केपटाऊनच्या छायाचित्रात खरे नाते नाही. दोन्ही समोरासमोर ठेवल्याखेरीज निर्णय करता येत नाही. परवान्याच्या त्या पानावर आईचा चेहरा मात्र कोठेच नसतो. ती गावीच राहिली. आणि पुत्र चुलत्याच्या नावावर गेला असेल, तर उलटतपासणीत त्याला आईच्या नावाच्या जागी बहुधा चुलतीचे नाव पाठ करून सांगावे लागले असणार.

अशा छायाचित्रामागे आज काय लिहावे? कागदावरील पित्याचे नाव खोडून खरे नाव घालावे, असा मोह होईल. ते करू नये. ज्या नावाने तो मुलगा बोटीवर चढला आणि ज्या नावाने तिकडे दफन झाला, तेही त्याचेच नाव. मृदू शिसपेन्सिलीने दोन्ही पित्यांची नावे, दोन्ही आयांची नावे, आणि ही माहिती कोणी, कोणत्या वर्षी सांगितली, हे लिहून ठेवावे.