सायकलीचा प्रवास आणि रीतिभूतकाळ

आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी (१९३१–२०२२) यांचे ‘फुल टिल्ट’ (१९६५) हे पुस्तक १९६३ मधील आयर्लंड ते भारत या सायकलप्रवासाचे वर्णन करते. तेहरानपासून पुढचे कथन तारीखवार रोजनिशीचे आहे. निघाले, चढले, पोचले, एवढ्या क्रियापदांवर ते चालते. मराठीत ते साध्या भूतकाळात सहज उतरेल. (सायकलीचे ‘रॉझ’ हे नावदेखील पराक्रमवेड्या डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून घेतलेले.)

दिल्लीस पोचल्यावर मर्फीबाई धर्मशाळेत तिबेटी निर्वासित बालकांच्या शुश्रूषेत गुंतल्या. त्या महिन्यांवरील ‘तिबेटन फुटहोल्ड’ (१९६६) पहिल्या पुस्तकाइतके प्रसिद्ध नाही. प्रवास थांबला म्हणून कथनही मंदावले, हा त्यावर घेता येण्याजोगा आक्षेप वरवरचा आहे. मदतकार्याच्या व्यवस्थेवरील विवेचन काहीसे जड झाले आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु मराठी अनुवादकाची खरी अडचण निराळीच आहे. आजारी मुलांची सेवा एकदा करून संपत नाही. इंग्रजीचा साधा भूतकाळ ‘औषध दिले’ आणि ‘औषध देत असे’ हे दोन्ही अर्थ एकाच रूपात सामावून घेऊ शकतो. वैयाकरणांनी ज्यास रीतिभूतकाळ म्हटले, तो मराठीत वेगळा योजावा लागतो. सर्वत्र ‘दिले’ म्हटल्यास सेवेचाही पराक्रम होतो, जणू हेही पुस्तक सायकलीवर बसविले. सर्वत्र ‘देत असे’ म्हटल्यास मुले लोपून दिनक्रम तेवढा उरतो. म्हणून एखादे मूल नावानिशी पुढे येईल तेथे ‘दिले’, आणि मुलांचा घोळका येईल तेथे ‘देत असे’, असा मिश्र मार्गच अनुवादकाने पत्करावा.