व्होल्टाचा कान

अलेस्सांद्रो व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये एक लांबलचक पत्र लिहिलं. पहिली बॅटरी जगापुढे आली ती या पत्रातून.

कृती साधीच आहे. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. असे तीस-चाळीस थर. पण पत्राची खरी गोडी पुढे आहे. वीज मोजायला व्होल्टा स्वतःचंच शरीर वापरतो. बोटांना झटका, जिभेला चव, डोळ्यांपुढे चमक, सगळ्याची नोंद. मग दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून तो त्या यंत्राच्या दोन टोकांना जोडतो. डोक्यात हिसका बसतो आणि मागोमाग काहीतरी दाट रटरटत असल्याचा आवाज येतो. (आपण म्हणू, पिठलं.) मेंदूला इजा होईल या भीतीने तो हा प्रयोग पुन्हा करत नाही. एवढा धीट आणि एवढा प्रामाणिक परिच्छेद विज्ञानाच्या लेखनात क्वचितच सापडेल.

कारणाशी मात्र पत्र घसरतं. दोन धातू एकमेकांना टेकले की वीज वाहते, खारं पाणी केवळ वाट करून देतं, असं व्होल्टा मानतो. प्रत्यक्षात झिजतं ते जस्त. त्याचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. हे इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घालून चांदीकडे जातात. तिथे पाणी त्यांना घेतं आणि हायड्रोजन सुटतो. चांदी जशीच्या तशी राहते. आजच्या साध्या दीड व्होल्टच्या सेललाही जस्ताचंच डबडं असतं. चांदीच्या जागी कार्बनची कांडी आणि इलेक्ट्रॉन घ्यायला मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. जस्त कुरतडलं जाऊन डबड्याला भोक पडलं की सेल पाझरतो.

गंमत म्हणजे पुठ्ठे वाळतात हे व्होल्टाच्या नजरेतून सुटत नाही. ओल टिकावी म्हणून तो रचलेल्या थरांना मेण किंवा डांबर फासायला सांगतो. जस्ताच्या झिजेकडे मात्र त्याचं लक्ष जात नाही. पत्र सोसायटीत वाचलं जाण्याआधीच बँक्सकडून त्याचा पहिला भाग लंडनचे शल्यचिकित्सक अँथनी कार्लाइल यांच्या हाती पडला. त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम निकल्सन यांनी चांदीची नाणी आणि जस्त रचून त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. विजेचं रसायनाशी असलेलं नातं असं दिसूनही व्होल्टा आपल्या स्पर्शाच्या सिद्धान्तावर ठाम राहिला.